माळकरी नव्हे, स्वमग्न

माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. त्यापुढचे सर्व शिक्षण मी जुन्नरच्या तहसील कचेरीबाहेर, लोकांचे अर्ज लिहिता लिहिता, स्वतःच घेतले. ते कमी प्रतीचे आहे असे आजवर कोणी मला दाखवून दिलेले नाही. वारसनोंद असो, बांधावरचा रस्ता असो किंवा विहिरीतील हिस्सा असो, माझ्या हातचा अर्ज परत आला असेल तर तो अर्जदाराने माझ्यापासून काही लपवल्यामुळे आला असेल, भाषेमुळे नव्हे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते एका शब्दाविषयी आहे, आणि शब्दांच्या बाबतीत माझा अधिकार काय, हे वाचकाला आधी ठाऊक असलेले बरे.

मी ऑटिस्टिक आहे. कोणत्याही डॉक्टरने मला तसे सांगितलेले नाही आणि माझ्याजवळ त्याचा कोणताही कागद नाही. हे माझे मी ओळखले आहे.

ओळखण्यास निमित्त झाल्या घोडेगावकडच्या एक विशेष शिक्षिका. जी मुले इतरांच्या पद्धतीने शिकत नाहीत, त्यांच्यासाठी त्या शाळाशाळांतून फिरतात. त्यांना कंत्राटी शिक्षकांच्या वतीने एक निवेदन लिहून हवे होते. त्या येऊन माझ्या डाव्या बाजूला बसल्या. मी त्यांना उठवून उजवीकडे बसवले, कारण डावीकडे कोणी असले की मला लिहिता येत नाही. त्या बोलत राहिल्या, मी टेबलाच्या कडेकडे पाहत लिहीत राहिलो. निवेदन वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. पण एक शब्द सुटला नाही."

"बघितले की ऐकू येत नाही," मी म्हणालो. मी बोलतोही लिहितो तसाच.

त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "माझ्याकडची एक मुलगी अगदी हेच म्हणते. ह्याच शब्दांत."

त्या मुलीला काय आहे, असे मी विचारले. ऑटिझम, त्या म्हणाल्या, मराठीत स्वमग्नता म्हणतात. "मी डॉक्टर नाही, तुमच्याबद्दल काही ठरवायचा मला अधिकार नाही. पण कधी वाचून बघा."

मला राग आला. निवेदन लिहिणाऱ्याला निवेदनाबाहेरचे बोलण्याचे काही कारण नव्हते. शिवाय तो शब्दही मला पटला नाही. स्वतःत मग्न असलेला माणूस दुसऱ्यांचे सातबारे पाठ कशाला करील? मात्र वाचून बघा असे कोणी सांगितले की मी वाचून बघतो. मोबाइलवर मराठीत जे मिळाले ते वाचले. उरलेले मोबाइलकडूनच मराठीत करून घेतले आणि त्यातील व्याकरणाच्या चुका सुधारत सुधारत तेही वाचले. हे काम काही महिने चालले. अखेरीस असे झाले की पुढचे वाक्य काय असेल ते मला वाचण्याआधीच कळू लागले.

लग्नानंतर प्रथमच खोडदला सासुरवाडीस गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारचे एक गृहस्थ ओट्यावर भाकरी खात बसले होते. मला पाहून ते म्हणाले, "या पावणं, जेवायला." मी गेलो, हात धुतले आणि बसलो. जेवणाऱ्याने असे म्हणायचे असते आणि पुढच्याने "चालू द्या" म्हणून निघून जायचे असते, हे मला लहानपणापासून शेकडो वेळा दिसले असेल. पण ते बोलावणे नसते असे कोणी सांगितलेले नव्हते. त्यांच्या घरच्या बाईंनी पुन्हा पीठ मळले. माझी मेव्हणी आजही म्हणते, "दाजींना नुसतं या म्हनू नका, ते खरंच येत्यात."

मयताच्या घरी भेटायला गेलो की इतर लोक काहीबाही बोलतात. मी मृत्यूची नोंद झाली का, एवढेच विचारतो. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी मी पहिल्या दिवशीच उसवून टाकतो. लग्नाच्या वरातीत वाजंत्री सुरू झाली की मी तेथून निघून जातो. ही माझी शिस्त आहे, असे मी चाळीस-पंचेचाळीस वर्षे समजत होतो आणि लोक तिला माझा ताठा समजत होते.

पुढे मी सरकारी दवाखान्यातील एका डॉक्टरांना विचारले. ते चांगुलपणाने म्हणाले, "अहो, लहान मुलांचं तपासतात ते. तुमचं लग्न झालं, धंदा चाललाय, आता कागद घेऊन काय करणार? आणि पाहिजेच असेल तर पुण्याला जावं लागेल." मी विचार केला. दाखला माणूस सवलतीसाठी काढतो आणि मला कोणाकडून सवलत नको होती. मला फक्त नाव हवे होते आणि ते मिळालेले होते.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा अर्जनवीस मात्र चेष्टेखोर आहे. "म्हंजे तुमी स्वयंघोषित झाला," तो म्हणाला. "स्वयंघोषित महाराज असत्यात तसं."

मी त्याला त्याच्याच टेबलावरचा छापील नमुना दाखवला. त्यावर ठळक अक्षरात स्वयंघोषणापत्र असे होते. पूर्वी प्रत्येक गोष्टीला प्रतिज्ञापत्र लागायचे. आता कित्येक कामांत माणसाने स्वतःविषयी स्वतः लिहून दिलेले शासनही मान्य करते. त्याच्या शेवटी एक वाक्य असते, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. मी हे वाक्य हजारो लोकांसाठी लिहिले. माहिती आणि समजूत हे दोन शब्द त्यात वेगवेगळे का घातले आहेत, ते मला तेव्हा प्रथम कळले. माझी माहिती अपुरी असेल. समजूत पुरती आहे.

"लई झालं राव," शेजारी म्हणाला. "च्या घ्या."

पत्नीला सांगितले तेव्हा ती वालाच्या शेंगा सोलत होती. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे ह्ये बरं व्हत न्हाई?"

"आजार नसल्यामुळे बरे होण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

"आन मी इतकी वर्सं समजत व्हते, तुमी माझ्यावर रुसून बसताय." तिने दोन शेंगा सोलल्या. "एकदाबी रुसला न्हवता?"

"एकदा रुसलो होतो," मी म्हणालो. कधी, ते तिने विचारले नाही.

येथवर सर्व माझ्या घरापुरते होते. ते घराबाहेर गेले ते मुलाच्या लग्नामुळे.

माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याचे लग्न दोन ठिकाणी जमता जमता मोडले होते आणि दोन्ही ठिकाणांहून मध्यस्थाकरवी एकच निरोप आला होता: मुलगा चांगला आहे, पण मुलाचा बाप ताठ आहे, आल्यागेल्याशी धड बोलत नाही, आमची मुलगी अशा घरात कशी नांदेल. तिसरे स्थळ आळेफाट्याचे होते. मुलगी नारायणगावजवळ एका शीतगृहात हिशेबाचे काम पाहायची. तिच्या वडिलांचे ट्रक दुरुस्तीचे गॅरेज होते. मुलगा-मुलगी एकमेकांना भेटली होती, फोनवर बोलतही होती. पोरांची पसंती होती. राहिली होती ती मोठ्या माणसांची बैठक. हे तिसरेही माझ्यामुळे मोडले, तर पुढे मुलाला स्थळ सुचवायलाच कोणी धजणार नाही, हे पत्नीने मला स्पष्ट शब्दांत सांगितले.

"तुमचं ते स्व का काय ते काढू नका," ती म्हणाली.

"कोणी विचारले नाही तर काढणार नाही."

बैठक आमच्या घरी झाली. मुलीचे वडील आले, सोबत त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या आली. गृहस्थ मोकळा होता, मोठ्याने बोलणारा. चहा झाल्यावर मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "हे बघा, आपलं रोखठोक असतंय. घरात काय आजारपन, कुनाच्या काय सवयी, आत्ताच सांगा. मागनं कळलं की वंगाळ वाटतं."

पत्नीने म्हणे माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. मी पाहुण्यांसमोरच्या बशीकडे पाहत होतो.

"आजार कोणाला नाही," मी सांगितले. "सवयींबाबत म्हणाल तर, मी स्वमग्न आहे."

पाहुण्यांसमोर इंग्रजी शब्द वापरणे मला प्रशस्त वाटले नाही. मराठी माणसाने मराठी शब्द उपलब्ध असताना तोच वापरावा, हा माझा नियम आहे. या नियमाने मला प्रथमच दगा दिला.

"मग्न?" त्यांनी विचारले.

"स्वमग्न. जन्मापासून."

आत्याबाईंनी हात जोडले. "जल्मापासनं! केवढं भाग्य हो."

"तरीच," मुलीचे वडील म्हणाले. "मी आल्यापास्नं बघतोय. मान खाली, तोंडात वाईट शब्द न्हाई, कुनाच्या उचापतीत न्हाई. असलं घर मिळाया नशीब लागतं."

मी चकित झालो. ज्या गोष्टीसाठी दोन घरांनी आम्हाला नकार दिला, ती या माणसाने एका वाक्यात समजून घेतली, एवढेच नव्हे तर तिचा गौरव केला. त्याच्याविषयी माझे मत फार चांगले झाले. पाहुणे गेल्यावर मी पत्नीला म्हणालो, की खरे बोलल्याने कधी नुकसान होत नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. मटणाचा वास दारातच आला, आणि मला मटण आवडते. पंगत बसली. सर्वांच्या ताटात रस्सा पडला. माझे ताट निराळ्या खोलीतून आले. पिठले, भाकरी, ठेचा, दही.

"माझे वेगळे का?" मी विचारले.

"तुमचं सोवळ्यानं केलंय," आत्याबाई म्हणाल्या. "भांडीबी नवी हायेत. काळजी करू नगा."

"माळकऱ्याला मटनाच्या डावानं कसं वाढायचं?" मुलीचे वडील म्हणाले. "गळ्यात माळ दिसत न्हाई म्हना. पण आतून असंल तर बाहेर कशाला दाखवायची?"

"हां," माझी पत्नी तत्काळ म्हणाली, "ते आतूनच हायेत."

देवाच्या नामात मग्न! त्यांनी तसा अर्थ लावला होता. मी तोंड उघडले, तेवढ्यात पत्नीने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने पिठले वाढले, इतके की बोलण्यास जागा राहिली नाही. मी पिठले खाल्ले. ते चांगले होते, हेही येथे नोंदवतो.

येताना एसटीत बसल्यावर मी म्हणालो, "हे दुरुस्त करावे लागेल."

"काय दुरुस्त करायचं? त्यांच्या घरात गेल्यावर मटन खायचं न्हाई. वरसातनं दोन येळा. जीव जातोय का?"

"चुकीची नोंद वेळीच दुरुस्त केली नाही तर पुढच्या पिढीला त्रास होतो. मी रोज हेच अर्ज लिहितो."

"ही नोंद न्हाई. पोराचं लगीन हाय." मग हळू आवाजात ती म्हणाली, "तुटलं म्हंजे?"

लग्नाच्या याद्या करायचे त्याच आठवड्यात ठरले होते. एकदा याद्या झाल्या की मोडणे दोन्ही घरांना जड जाते. म्हणजे सांगायचे तर त्याआधी. मी मुलाला फोन लावला. तो माझ्यासारखाच कमी बोलतो. त्याने सर्व ऐकले आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला जे वाटतं ते करा. फक्त माझ्या लग्नानंतर करू नका."

मी दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला गेलो.

काय बोलायचे ते मी मनात नीट बांधून नेले होते. प्रारंभ, मुद्दा, विनंती. परंतु गॅरेजात एका ट्रकची चाके उतरवणे चालू होते. कॉम्प्रेसर धडधडत होता आणि हवेच्या बंदुकीने नट सोडवताना जो आवाज निघतो, तो माझ्या दातांत गेला. मनातील मजकूर पहिल्या शब्दासह पुसला गेला. मी दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहिलो.

"या या, पावणं!" गृहस्थ ओरडला. "बोला की!"

"ते बंद करा!"

त्याने माझ्याकडे पाहिले आणि कामगाराला हात केला. कॉम्प्रेसर थांबला.

"मी माळकरी नाही," मी म्हणालो. प्रारंभ राहून गेला.

"म्हंजे?"

"मी मटण खातो. काल पिठले खाल्ले, ते तुम्ही वाढले म्हणून."

"आन मग ते मग्न?"

स्वमग्न म्हणजे देवात मग्न नव्हे, मी सांगितले. इंग्रजीत त्याला ऑटिझम म्हणतात. मला आवाज सोसत नाहीत. बोलणाऱ्याकडे पाहिले की ऐकू येत नाही. लोक जे न बोलता समजतात, ते मला कोणी बोलल्याशिवाय समजत नाही. दोन स्थळे मोडली ती यामुळेच, हेही सांगितले.

"येडसर म्हनायचं का?"

"नाही."

"आजार?"

"आजारही नाही."

"आजार न्हाई, येड न्हाई, मग सांगितलं कशाला?"

"तुम्ही विचारले म्हणून."

"मी आजार इचारला व्हता."

"आणि सवयी."

तो लोखंडी पेटीवर बसला. "डाक्टरचा कागद हाय?"

"नाही."

"मग तुमाला सांगितलं कुनी?"

"माझे मीच."

यावर त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग सोपं हाय की! तुमीच ठरवलं, तुमीच रद्द करा. कुनाला कळतंय? आमची आक्का गावभर सांगत सुटलीय, व्याही माळकरी मिळाला म्हनून. तिचाबी मान राहील."

त्या माणसाला माझी फजिती करायची नव्हती, हे मला कळत होते. तो मला वाट काढून देत होता. मी म्हणालो, "मी ठरवले असते तर रद्द केले असते. मी ठरवलेले नाही. ते होतेच. मी फक्त ओळखले."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी ट्रकच्या उतरवलेल्या चाकाकडे पाहत राहिलो.

"पोरात हाय का?" त्याने विचारले. आवाज बदलला होता, एवढे मलाही कळले. खरा प्रश्न हाच होता.

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हंजे हाय."

"म्हणजे मी सांगू शकत नाही. माणूस घोषणा फक्त स्वतःपुरती करू शकतो. त्याला विचारा."

त्याने खिशातून फोन काढला, पण लावला तो मुलीला. फोन मोठ्या आवाजावर ठेवून त्याने सगळे सांगितले, काही उलटसुलट करून. मी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली.

"पप्पा, मला माहितीये," पलीकडून मुलगी म्हणाली. "त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हणाले, आमचे वडील असे आहेत. मी किती आहे ते मला ठाऊक नाही, पण गर्दीत मी गप्प होतो, तेव्हा रागावलोय असं समजू नको."

"आन तुला चालतंय?"

"तुम्ही दिवसभर ओरडता ते चालतंच की मला."

मागे उभा असलेला कामगार हसला. गृहस्थाने त्याच्याकडे वळून पाहिले आणि पुन्हा फोनमध्ये म्हणाला, "म्हंजे हे माळकरी न्हाईत, हेबी तुला माहीत व्हतं?"

"हो."

"मग पंगतीत बोलली का न्हाईस?"

"आत्या एवढी खूश होती. म्हटलं, आज नको. पप्पा, माझं ठरलंय. माल आलाय, गाडी उभी आहे, ठेवते."

फोन बंद झाला. तो उठला आणि चिंधीने बोटे पुसू लागला. एकेक बोट पुसून झाले. मग त्याने विचारले, "आमच्यात व्याहीभेटीला गळाभेट लागती. चांगली कडकडून. तुमाला सोसंल?"

"नाही."

"मग कसं करायचं?"

"मी हात जोडेन."

"लोक काय म्हनतील? खांद्यावर हात टाकला तर?"

"आधी सांगून टाकलात तर चालेल."

"पुढनं का बाजूनं?"

"समोरून. उजव्या खांद्यावर."

"बरं. आन मटन?"

"मटण कसेही चालेल."

तो मोठ्याने हसला. मला हसण्याचे कारण पूर्ण समजले नाही, परंतु मुख्य मुद्दा राहिला होता. "म्हणजे हा होकार समजायचा का?"

"अवो, व्याहीभेट कशी घ्यायची ते ठरवतोय मी!"

"होय. पण तसे स्पष्ट म्हणालात तर बरे होईल."

त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "होकार. पोरगी तुमच्या घरात देतोय. झालं?"

"झाले," मी म्हणालो.

मी निघालो तेव्हा तो कामगाराला सांगत होता, की पावणं रस्ता वलांडू दे, मग चालू कर. मी पलीकडे एसटीच्या थांब्यावर पोहोचल्यावर कॉम्प्रेसर सुरू झाला. तेथून मी पत्नीला फोन केला आणि होकार कळवला.

तिने विचारले, "होकार त्यांनी म्हटला, का तुमी समजलात?"

"त्यांनी म्हटला."

"काय म्हटलं, तेच शब्द सांगा."

मी सांगितले.